वाट पाहणारे खेळ

देवणीत दहावीचा निकाल लागला की घराघरांत लातूरची बोलणी सुरू होतात. कोणतं कॉलेज, कोणता क्लास, खोली कुठे, डबा कुणाचा. राजर्षी शाहू महाविद्यालयामुळे गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’ची ओढ कर्नाटकाच्या सीमेवरच्या या तालुक्यात आजही ओसरलेली नाही. बोलता बोलता घरातल्यांची नजर बैठकीच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे वळते. “अन् तू अजून तेच खेळूलालास? काढून टाक की ते आधी.”

पोरगा माउस हातात घेतो. पडद्यावरच्या गेमच्या चित्रावर क्लिक करतो, डिलीट म्हणतो, चित्र नाहीसं होतं. आईचं समाधान होतं. गेम मात्र जिथल्या तिथे असतो. ते चित्र म्हणजे नुसता शॉर्टकट. गेमचा सगळा संसार सी ड्राइव्हमधल्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये मांडलेला असतो. तो खरोखर उठवायचा तर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करावं लागतं. तिथे कॉम्प्युटर एकदा विचारतो, नक्की काढायचं का? काढलेला गेम रीसायकल बिनमध्येही सापडत नाही. म्हणून त्या प्रश्नापाशी हात थबकतो.

हे थबकणं म्हणजे आळस नव्हे, अभ्यासाची चुकवाचुकवीही नव्हे. त्यामागे वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास आहे.

२००१ साली ‘एमकेसीएल’ म्हणजे महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या ‘एमएस-सीआयटी’ अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्यातालुक्यांत पोचले. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागे, म्हणून शेतकऱ्यांची मुलं, अंगणवाडीताई, शिक्षक असे सगळेच त्या बाकांवर येऊन बसले. माउस धरायला कित्येकांचा हात बसला तो पत्त्यांच्या सॉलिटेअरवर. १९९० साली विंडोज ३.० बरोबर हा खेळ आला, तेव्हा पानं उचलून दुसरीकडे ठेवण्याच्या निमित्ताने माउसची सवय होते हा त्याचा मोठा उपयोग ठरला. अमेरिकेत जी गोष्ट झाली, तीच पुढे मांजरा खोऱ्यातल्या क्लासच्या खोलीत झाली.

मग सीड्या आल्या. उदगीर, लातूरहून कुणीतरी आणलेली एक सीडी अख्ख्या गल्लीत फिरायची. ‘रोड रॅश’, ‘प्रोजेक्ट आयजीआय’ आणि सगळ्यांचा लाडका ‘व्हाइस सिटी’. एक जण खेळणार, चौघं खांद्यावरून बघणार आणि प्रत्येकाचं “आता माझा डाव” चालू. मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषांतून सल्ले मिळायचे. पडद्यावरचं इंग्रजी फारसं कुणाला कळत नसे, पण पोलीस मागे लागले की ‘लीव्हमीअलोन’ हा चीट कोड कसा टाइप करायचा हे सर्वांना पाठ. स्पेलिंग चुकलं तर पोलीस हटत नसत, त्यामुळे स्पेलिंग चुकत नसे.

त्या दिवसांत मराठवाड्यात तासन्‌तास भारनियमन असे. ‘व्हाइस सिटी’त मध्येच कुठेही खेळ जपून ठेवता येत नाही, त्यासाठी नायकाला त्याच्या मुक्कामाच्या जागी परत न्यावं लागतं. मोहीम फत्ते झाली, गाडी त्या घराकडे वळली आणि नेमकी लाइट गेली, हा अनुभव त्या पिढीतल्या कुणालाही विचारा. अंधारात पाच जण गप्प बसत. लाइट आली की ती मोहीम पुन्हा पहिल्यापासून. अशा रीतीने थोडं थोडं पुढे नेलेलं ते ‘सेव्ह’ म्हणजे पाच जणांनी मिळून रचलेली गोष्टच होती. ती काढून टाकताना मन कचरणारच.

‘क्रिकेट ०७’ची कथा आणखी हळवी आहे. ईए स्पोर्ट्सने हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये आणला आणि त्यानंतर या मालिकेचा पुढचा गेम कॉम्प्युटरसाठी आलाच नाही. तेव्हा खेळणाऱ्यांनीच तो जगवला. २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा तिचे संघ, कपडे, नवे खेळाडू चाहत्यांनी स्वतः बनवून त्यात घातले. या गेममध्ये मार्क निकोलस यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार रिची बेनॉ यांचं समालोचन आहे. बेनॉ १० एप्रिल २०१५ रोजी गेले. देवणीतल्या एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र ते अजूनही प्रत्येक चौकाराची दखल घेतात. हा आवाज किती मोठ्या माणसाचा आहे, हे ऐकणाऱ्या पोराला ठाऊक नसेलही; पण तो आवाज त्याच्या बालपणाचा आहे, हे नक्की.

गेम काढण्याचा निर्णय कंपन्यांनाही घ्यावा लागतो. विंडोज एक्सपीमधला पिनबॉल आठवतो? पुढच्या व्हिस्टात तो नव्हता. मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी कारण सांगितलं आहे: ६४ बिटच्या आवृत्तीत चेंडू अडथळ्यांना न धडकता आरपार जाऊ लागला, बाहेरून आलेल्या त्या जुन्या कोडमधली चूक वेळेत सापडेना, म्हणून खेळच वगळला. कुलूपबंद सीड्यांचंही तेच. नक्कल होऊ नये म्हणून अनेक अस्सल सीड्यांवर ‘सेफडिस्क’ नावाचं संरक्षण असे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने त्याचा आधार काढून घेतला आणि पैसे मोजून घेतलेल्या सीड्याही मुक्या झाल्या. अमेरिकेतल्या ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने २०२३ साली पाहणी केली, तेव्हा २०१० पूर्वी तिथे आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. म्हणजे जुना गेम ‘नंतर परत टाकू’ म्हणून काढला, तर तो परत मिळेलच असं नाही.

मग काय, सगळंच ठेवायचं? नाही. इथे फरक करायला हवा.

‘व्हाइस सिटी’ला डिस्कवर ९१५ एमबी जागा लागे. २०१५ साली कॉम्प्युटरवर आलेल्या, त्याच मालिकेतल्या ‘जीटीए ५’ने ६५ जीबी मागितले. २५६ जीबीच्या लॅपटॉपवर असे तीन खेळ टाकले की प्रॅक्टिकलच्या फाइलला जागा उरत नाही. पण जागेचा प्रश्न तसा लहानच. आजचे अनेक ऑनलाइन खेळ रोज हजेरी मागतात. आज आलात तर बक्षीस, उद्या चुकलात तर साखळी तुटली, हंगाम संपायला इतके दिवस उरले. जुना गेम कोपऱ्यात पडून राहतो, वर्षभर उघडला नाही तरी तक्रार करत नाही. नवा गेम हाक मारत राहतो. देवणीच्या शेतकऱ्याला दावणीला शांत उभा असलेला बैल आणि रोज दावं तोडणारा बैल यांतला फरक सांगावा लागत नाही. इथेही तो तितकाच उघड आहे.

हाक मारणारा गेम लातूरला जाण्याआधी जरूर काढावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, इतर सगळ्यापेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं ही त्याची लक्षणं आणि ती साधारण वर्षभर टिकलेली असावी लागतात. नुसतं संध्याकाळी तासभर खेळणं यात बसत नाही, हे पालकांनीही लक्षात घ्यावं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ काढताना तर क्षणाचाही विचार नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदीचा कायदाच केला.

वाट पाहणारा गेम मात्र राहू द्यावा. आणि काढायचाच झाला, तर आधी डॉक्युमेंट्समध्ये डोकवावं. ‘व्हाइस सिटी’चे सेव्ह गेमच्या फोल्डरमध्ये नसतात, डॉक्युमेंट्समधल्या ‘जीटीए व्हाइस सिटी यूझर फाइल्स’मध्ये असतात. एवढा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला की गेम गेला तरी गोष्ट उरते. पुढे कधी गेम पुन्हा टाकला आणि फोल्डर जागेवर ठेवला, तर ती जिथे थांबली होती तिथूनच सुरू होते.

देवणीतल्या आईवडिलांना म्हणूनच एक विनंती. कॉम्प्युटर संथ झाला की तो उदगीरच्या दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ आणायची आपली पद्धत आहे. त्यात सी ड्राइव्हवरचं सगळंच जातं. गेमही, सेव्हही, आजोबांचे फोटोही. नेण्याआधी लेकराला विचारा, यातलं काय ठेवायचं? त्याला यादी करू द्या, पेनड्राइव्ह द्या. अनइन्स्टॉलचं बटणही त्यालाच दाबू द्या.