मजुरीचा रकाना

सकाळी मंडईत पहिलं गिऱ्हाईक दहा रुपयांची कोथिंबीर घेऊन जातं. भाजीवाल्या मावशी ती नोट कपाळाला लावतात आणि मगच गल्ल्यात टाकतात. भवानी झाली. दिवसभराचा धंदा अजून व्हायचाच असतो, तो बरा होईल की नाही कुणालाच माहीत नसतं, तरी पहिल्या विक्रीचा मान तिथल्या तिथे होतो. हाताने वस्तू घडवून विकणाऱ्या आम्हा मंडळींनी हे शिकायला हवं. 'एखादी मोठी ऑर्डर येऊ दे, मग बघू' म्हणत आम्ही आनंद पुढे ढकलतो. मोठी ऑर्डर आली की ती वेळेत पुरी करायची घाई असते, आणि आनंद राहूनच जातो.

*

मी हातबांधणीच्या वह्या करते. पुण्यात हा उद्योग करायचा तर शिवाजीनगरची हातकागद संस्था आठवल्याशिवाय राहत नाही. 1940 मध्ये के. बी. जोशींनी ती उभी केली. हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. जाळीची चौकट लगद्याच्या पाण्यात बुडवायची, अलगद वर उचलायची, पाणी निथळू द्यायचं. एका वेळी एकच ताव. शंभर ताव हवे असतील तर हात शंभर वेळा खाली-वर व्हायला हवेत.

माझ्या कामाचंही तेच. घड्या, छिद्रं, शिलाई, कण्याला खळ, मग रात्रभर दाब. 'आज काय झालं?' असं घरी कुणी विचारलं तर 'एका ऑर्डरच्या सगळ्या घड्या घालून झाल्या' हे पूर्ण उत्तर आहे. वही अजून तयार नाही म्हणून दिवस वाया गेला, असं होत नाही.

*

दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा मागवला. चित्रपटाला पैसे हवे होते आणि भांडवल घालणाऱ्याला दाखवायला हातात काहीतरी हवं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर ते रोप बघता बघता मातीतून वर आलं. 'अंकुराची वाढ' हे त्या लघुपटाचं नाव. तो बघून भांडवलाची वाट मोकळी झाली आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

रोज बघणाऱ्याला रोप वाढलेलं दिसत नाही. टिपून ठेवलं तर दिसतं, आणि दुसऱ्यालाही दाखवता येतं. म्हणून स्वतःच्या प्रगतीची नोंद ठेवणं हे स्वतःचे लाड करणं नव्हे. तो पुरावा असतो. मी माझी पहिली वही जपून ठेवली आहे आणि दर वर्षीची एक वही तिच्या शेजारी ठेवते. टाके कसे एका रेषेत येत गेले, कोपरे कसे धारदार होत गेले, ते सांगायला कुणी तिसरा लागत नाही.

*

याच गोष्टीतल्या सरस्वतीबाई, दादासाहेबांच्या पत्नी. दागिने त्यांनी काढून दिले. कच्च्या फिल्मला अंधारात छिद्रं पाडण्याचं काम त्या करायच्या, चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. घरच्या बाईच्या कामाला मजुरी असते हे धरायची रीतच नव्हती. आज आपल्या घरी चालणाऱ्या कितीतरी उद्योगांत ती रीत अजून आलेली नाही. आणि मजुरी न धरणारी व्यक्ती पुष्कळदा मालकीणच असते.

*

म्हणून हिशेब कागदावर मांडायचा. समजा एका वहीला कागद, पुठ्ठा, कापड, दोरा मिळून 140 रुपये लागले. दोन तास गेले. तासाला 100 धरले तर मजुरी 200. जागा, वीज, हत्यारांची झीज यांचे 40. झाले 380. त्यावर वीस टक्के नफा धरला की 456. हीच वही दुकानात ठेवली आणि दुकानदाराचा हिस्सा 35 टक्के असेल, तर 456 हाती यायला किंमत 700च्या आसपास लावावी लागते.

आता यातली मजुरी खोडून बघा. आकडा एकदम 'परवडणारा' दिसू लागतो. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. फक्त वही करणाऱ्या बाईने दोन तास फुकट दिलेले असतात, आणि खरेदी करणाऱ्याला ते कळतही नाही.

*

'घरीच तर करता, मग एवढी किंमत?' हा प्रश्न बहुतेकदा वाईट मनाने विचारलेला नसतो. विचारणाऱ्याने काम पाहिलेलं नसतं, एवढंच. मी वही उघडून टेबलावर ठेवते. ती हात न लावता सपाट उघडी राहते. कण्यातले टाके दाखवते. खळीत मोरचूद घातलाय, म्हणजे कसर लागणार नाही, हे सांगते. मग काहीजण घेतात, काहीजण नाही. न घेणाऱ्याने माझी किंमत केलेली नसते. त्याने त्याच्या गरजेची केलेली असते. हे नीट समजलं की किंमत सांगताना आवाज खाली जात नाही.

*

लिज्जत पापडाची सुरुवात 15 मार्च 1959ला गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर झाली. सात बायका, 80 रुपये उसने, आणि पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटं. ही गोष्ट आपण पुढच्या भरभराटीसाठी सांगतो. मला त्यातली 'वणई' महत्त्वाची वाटते. पापड लाटून आणून दिले की लाटण्याची मजुरी मिळते, ती वणई. नफ्याचा हिशेब निराळा. मजुरी ही उरलंसुरलं त्यातून द्यायची गोष्ट नव्हे, हे तिथल्या बहिणींनी रोजच्या व्यवहारातच पक्कं करून टाकलं.

*

तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या दोघा संशोधकांनी सात कंपन्यांमधल्या 238 जणांच्या रोजनिश्या तपासल्या. जवळजवळ 12,000 नोंदी. 2011 मध्ये त्यावर पुस्तक आलं. माणसाला कामात हुरूप कशाने येतो, याचं त्यांना सापडलेलं उत्तर साधं होतं: आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या कामात आज आपण पुढे सरकलो, या जाणिवेने. पाऊल लहान असलं तरी चालतं.

त्या लोकांना रोज संध्याकाळी ती रोजनिशी भरायला सांगणारं कुणीतरी होतं. एकटीने उद्योग करणारीला तसं विचारणारं कुणी नसतं. ते काम आपलं आपणच अंगावर घ्यायचं. दिवस संपताना दोन ओळी पुरतात: आज काय पुढे सरकलं, आणि कशामुळे.

*

पावसाळ्यात वह्यांचं काम मंदावतं. खळ लवकर वाळत नाही, पुठ्ठे वाकतात, दाबाखालून वही काढायला दुप्पट वेळ लागतो. त्यात विक्रीही थंड. हे महिने मनाला खातात, कारण बँकेच्या पासबुकात दाखवण्यासारखं काही नसतं. पण याच दिवसांत नव्या शिलाईचा सराव होतो, उरलेल्या तुकड्यांच्या छोट्या वह्या होतात, दिवाळीच्या भेटवस्तूंचे नमुने तयार होतात. विक्री हवेवर, सणावर, लोकांच्या पगारावर हलते. कसब त्या कशावरच हलत नाही. स्वतःचं मोल ठरवायला कसबाचं माप धरावं. विक्री धंद्याचं माप आहे, तिथेच ठेवावी.

*

थकलेल्या पैशाविषयी बोलायला आपल्याला संकोच वाटतो. 'त्यांना काय वाटेल?' सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रमांसाठीच्या 2006च्या कायद्यात याचं उत्तर आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचा माल घेतला की लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होत जाणारं व्याज. नोंदणी ऑनलाइन होते, फी लागत नाही.

बिलाखाली ही मुदत एका ओळीत छापून ठेवावी. मग आठवण करून देणं म्हणजे याचना वाटत नाही. आणि पहिल्यांदा न अडखळता फोन करून आपले पैसे मागितले, तोही साजरा करण्याजोगाच दिवस.

*

साजरं करायचं म्हणजे काय करायचं? आपल्याकडे त्याची उत्तरं तयार आहेत. खंडेनवमीला सुतार पटाशी पुजतो, छापखान्यात यंत्राला हार चढतो. मी दाभण, कात्री, घडी दाबायची हाडाची पट्टी आणि प्रेस पुसून मांडते, झेंडू वाहते. त्या दिवशी काम बंद. माझ्यासोबत शिलाई करणाऱ्या ताईंची वाढीव मजुरी त्याच दिवशी ठरते. ज्या हातांनी वर्ष निभावलं त्यांच्या वाट्याला नुसतं कौतुक आलं तर ते अपुरं असतं.

*

नव्याने उद्योग सुरू करणाऱ्या मुली विचारतात, ताई, सुरुवात कुठून करू? नाव, लोगो, फोटो हे सगळं त्यांनी मनात योजून ठेवलेलं असतं. मी म्हणते, आधी स्वतःची तासाची मजुरी ठरव आणि हिशेबाच्या वहीत तिला रकाना दे. रक्कम लहान असू दे, पण शून्य नको. हात बसत जाईल तशी ती वाढव. आणि ज्या दिवशी वाढवशील, त्या दिवशी घरी गोड कर, चार जणांना बोलाव, आणि कशासाठी बोलावलंय ते सगळ्यांना स्पष्ट सांग.