लाव्यांचे बिशप

इस्राएल लोक रानात उपाशी असता परमेश्वराने त्यांच्या छावणीवर लावे पक्षी पाठविले, ही कथा आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली आहे. हे पक्षी आजही दर वसंतात आफ्रिकेतून समुद्र ओलांडून युरोपात जातात. नेपल्सजवळचे काप्री बेट त्यांच्या वाटेवर आहे. रोममध्ये शिकत असताना एके वर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात आम्ही त्या बेटावर गेलो होतो.

आनाकाप्री गावाच्या माथ्यावर बार्बारोसा नावाच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. तेथे स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे केंद्र चालते. तेथील दिवस मिस्सेच्या घंटेपूर्वीच सुरू होतो. झुडपांमध्ये उभारलेली तलम जाळी पहाटे उघडायची, ठरावीक वेळाने फेरी मारायची आणि अडकलेला पक्षी अलगद सोडवून सुती पिशवीत ठेवायचा. मग टेबलाशी बसून त्याच्या पायात क्रमांकाचे कडे चढवायचे, पंख मोजायचा, छातीवरची पिसे फुंकरीने बाजूला सारून कातडीखाली चरबी कितपत उरली आहे ते पाहायचे, वजन करायचे, वहीत नोंद करायची आणि पक्षी सोडून द्यायचा. वारा वाढला वा पाऊस आला की जाळी मिटायची.

तेथील एका तरुणाने आम्हांला विचारले, “फादर, या बेटाच्या बिशपांना पूर्वी काय म्हणत, ठाऊक आहे का?” आम्हांला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, “लाव्यांचे बिशप!”

काप्रीचा स्वतंत्र धर्मप्रांत 1818 साली विसर्जित झाला. तोपर्यंत बिशपांच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाळ्यांत सापडणाऱ्या लाव्यांतून येत असे. पुढे येथे स्थायिक झालेले स्वीडिश डॉक्टर आक्सेल मुंथे यांनी 1929 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत या शिकारीचे वर्णन केले आहे. थव्यांना भुलविण्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या लाव्यांचे डोळे फोडले जात, असे ते लिहितात. मुंथे यांनी शेवटी तो डोंगरच विकत घेतला आणि पक्ष्यांना आसरा दिला.

आम्ही निरुत्तर झालो. तेवढ्यात त्या तरुणाने कडे घातलेला एक वटवट्या आमच्या तळहातावर ठेवला. सहारा वाळवंट आणि भूमध्य समुद्र ओलांडून आलेल्या त्या जिवाचे वजन 10 ग्रॅमही नव्हते. त्याचे काळीज आमच्या बोटांना जाणवत होते. मूठ उघडली आणि तो उत्तरेकडे निघून गेला. “पुन्हा सापडेल का?” आम्ही विचारले. “बहुतेक नाही,” तो म्हणाला, “पण नोंद आहे ना!”

पुढे धर्मग्रामाची जबाबदारी आली. परदेशी निघालेले तरुण आशीर्वादासाठी येत, तेव्हा आम्ही त्यांना उपदेशाने थोपवू पाहत असू. ख्रिस्तसभेची काळजी हे त्याचे कारण आम्ही स्वतःला सांगत होतो. रिकामी बाके आणि ओसरलेले गायकवृंद यांचे भयही त्यात होते, हे मात्र कबूल केले पाहिजे. एका मातेने एकदा आम्हांला सुनावले, “फादर, आशीर्वाद मागायला आलाय तो, परवानगी नव्हे.” त्या क्षणी आम्हांला बार्बारोसाची टेकडी आठवली.

जाळे तेच असते. धरणाऱ्याचा हेतू निराळा असतो. आता असा कोणी आला म्हणजे आम्ही त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करतो. बाप्तिस्म्याच्या वहीत त्याचे नाव आहेच. एकही चिमणी न विसरणारा पिता त्याची वाट जाणतो.