काटा कुणाचा, त्यावर वजन ठरतं

आपल्याकडं ऊस पिकवणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. कारखान्याच्या काट्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नाही. "बाहेरनं वजन करून आणू द्या" ही मागणी शेतकरी उगीच करत नाहीत. हीच नजर कंपन्यांच्या पर्यावरण अहवालांकडं वळवून बघा.

शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, वीज, कचरा, कामगार यांचा हिशेब देणारा अहवाल सेबीनं सक्तीचा केला. पण आकडे कंपनीचेच. म्हणून जुलै २०२३ मध्ये सेबीनं सांगितलं, मुख्य आकडे त्रयस्थाकडून तपासून घ्या. आधी १५० कंपन्या, २०२६-२७ पर्यंत सगळ्या १०००. मार्च २०२५ मध्ये मात्र पळवाट निघाली. हमीऐवजी 'मूल्यांकन' चालेल, आणि त्याचे निकष उद्योग संघटनांच्या मंचानं सेबीशी बोलून ठरवायचे. म्हणजे वजनमापं मालकाच्याच घरची!

तपासनीस कंपनीनंच निवडायचा, फी पण तिनंच द्यायची, मेख इथं आहे. गुजरातमध्ये २००९ ते २०११ दरम्यान एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी वेगळा प्रयोग केला. प्रदूषण तपासनीस सोडतीनं नेमले, फी सामायिक निधीतून दिली, काही तपासण्या पुन्हा करून पडताळल्या. तपासनीस खरं लिहायला लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं.

आता आपल्या पन्हाळा तालुक्याचं. सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात नाहीत, सेबीचा हा नियम त्यांना लागू नाही. ते दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला फॉर्म ५ देतात. पाणी किती वापरलं, सांडपाण्यातून काय गेलं, सगळं त्यात असतं. भरतो कोण? कारखानाच. आपली कासारी पुढं पंचगंगेला मिळते, आणि खालच्या इचलकरंजीनं २०१२ मध्ये दूषित पाण्यानं काविळीची साथ भोगलीय.

वार्षिक सभा पण ३० सप्टेंबरच्या आतच असते. सभासद मंडळी, यंदा "मंजूर, मंजूर" म्हणायच्या आधी दोन प्रश्न विचारा. फॉर्म ५ अहवालात का छापत नाही? आणि सांडपाण्याचे नमुने तपासणारी प्रयोगशाळा कुणी निवडली?

सभासद म्हणजे मालक. मालकानं काटा बघितलाच पाहिजे.