विकणे आहे: घर, वाडी आणि बावखल

घर विकायला काढलं की पहिला फोन गिऱ्हाइकाचा येत नाही, एजंटचा येतो. गासच्या घराची जाहिरात टाकली तेव्हा दोन दिवसांत एकेचाळीस फोन आले. त्यातले छत्तीस एजंट होते, आणि प्रत्येकाकडे 'पार्टी रेडी' होती. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, त्यामुळे सवयीने शीट उघडून रकाने पाडले: नाव, किती देणार, लोन की स्वतःचे पैसे. चौथा रकाना नंतर वाढवावा लागला, 'घरात कोणी जेंट्स आहे का असं विचारलं'. त्यात अकरा टिका आहेत. आठवड्याभरात आमचेच फोटो लावून आमचंच घर आठ लाखांनी स्वस्त दाखवणारी दुसरी जाहिरात सापडली. असं सर्रास चालतं म्हणे. स्वस्त भाव बघून माणूस फोन करतो, मग त्याला दुसरंच काहीतरी दाखवतात.

बघायला येणारे घर बघत नाहीत. आजोबांनी बांधलेलं, मंगलोरी कौलांचं, सागवानी खांबांचं घर आहे. मम्मीने चुना काढून घेतला, स्वयंपाकघरातला बल्ब बदलला. तिथपर्यंत कुणी गेलंच नाही. माणसं गेटपासून पावलं मोजत मागे जातात, रस्ता किती फुटी आहे ते विचारतात. "स्ट्रक्चर तर पाडायचंच आहे," असं एक गृहस्थ मम्मीने दिलेला चहा पीत म्हणाले. अंगणातला क्रूस आम्ही नेणार की ठेवणार, हेही बऱ्याच जणांना जाणून घ्यायचं होतं.

मग "चेक किती, कॅश किती?" वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम जमिनीच्या व्यवहारात रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो, हे सांगितलं की समोरचा माझ्याकडे दयेने बघतो.

आमचं घर गावठाणात आहे, मागची वाडी सातबाऱ्यावर शेतजमीन. शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर परवानगी लागते, असं 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 सांगतं. एवढ्यावरच अर्धी शीट लाल झाली. उरलेल्यांना वारस मोजायचे होते. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, आजीही आता नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू, आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. म्हणजे पप्पा, काका आणि दोन आत्या, चौघांचा सारखा वाटा आणि चौघांच्या सह्या. "आत्या काय, हक्कसोड देतील," असं प्रत्येक एजंट परस्पर ठरवून टाकत होता. थोरल्या आत्याला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "का देऊ? वाडीला पाणी मी पण घातलंय."

पाणी बावखलातलं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी: बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं खोदलेलं तळं. पूर्वी यावर रहाट चालायचे, त्या पाण्यावर केळी आणि पानवेली जगायच्या. पावसाचं पाणी ते धरून ठेवतं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर देतं. समुद्र इतका जवळ असताना विहीर गोडी राहणं ही साधी गोष्ट नाही. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, तेव्हा आमच्या अंगणातलं पाणी याच खड्ड्याने पोटात घेतलं.

बघायला येणाऱ्यांचा मात्र एकच प्रश्न, भरायला किती डंपर लागतील?

पप्पा हरित वसईच्या आंदोलनात फादर दिब्रिटोंच्या सभांना जायचे, माझ्या जन्माआधी. आता मम्मीच्या गुडघ्यांना लिफ्टची इमारत हवी, म्हणून घर विकायला ते तयार झाले. पण त्यांची अट होती की बावखल बुजवायचं नाही असं करारात लिहून घ्यायचं. वकील म्हणाले, लिहा, पण टिकणार नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882, कलम 11: पूर्ण मालकी दिल्यावर ती कशी वापरायची अशी अट घातली तरी घेणारा ती नसल्यासारखीच धरू शकतो. मी घरी येऊन ते कलम पुन्हा वाचलं. पुढे एक अपवाद आहे. विकणाऱ्याने शेजारची जमीन स्वतःकडे ठेवली आणि तिच्या उपभोगासाठी अट घातली, तर अट धरता येते. आमची विहीर वाडीच्या कोपऱ्यात आहे आणि बावखलाच्या पाझरावर जगते. म्हणजे विहिरीचा तुकडा ठेवायचा, बाकी विकायचं. वकिलांनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं आणि "कोर्टात बोलायला जागा राहील," एवढंच म्हणाले. तुकडा वेगळा करायला मोजणी आणि परवानगी लागेल, ते वेगळंच.

त्या अटीसह एकच गिऱ्हाईक उरलं. फुलांची वाडी करणारा, जवळचाच शेतकरी. त्याला बावखल हवंच आहे. देऊ केलेली रक्कम मात्र सगळ्यात मोठ्या ऑफरपेक्षा बारा लाखांनी कमी. बारा लाखांचे चार भाग केले की प्रत्येकी तीन. थोरली आत्या तयार आहे. धाकटीने "दादा म्हणेल तसं" म्हटलं, पण तिच्या मुलाची इंजिनीअरिंगची फी आहे, आणि तीन लाख म्हणजे काय ते मला माहीत आहे. काकांनी मेसेज वाचलाय, दोन निळ्या खुणा दिसतात.

पेपरात जाहीर सूचना आली आहे, हरकतींना चौदा दिवस. आज नववा. सकाळी एका नव्या एजंटचा फोन आला, पार्टी रेडी आहे, डंपरचा खर्च तीच करेल. पप्पांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते विहिरीवरची मोटर चालू करायला गेले.