सड्यावरची सायकल

नागपूरकडच्या व्यापारी कुटुंबांची कोकणयात्रा बहुधा ठरलेल्या क्रमाने होते. कुंभोज-बाहुबलीचे दर्शन, कोल्हापूरचा मुक्काम, आंबा घाट उतरून रत्नागिरी, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर दोन दिवस आणि परतताना कोकम, काजू, आंबापोळी यांची खरेदी. गेल्या मार्गशीर्षात आम्हीही त्याच क्रमाने निघालो. फरक इतकाच, की गाडीच्या मागे दोन सायकली बांधलेल्या होत्या. पुतण्याला रुंद टायरच्या, गिअरच्या डोंगरी सायकलीचे वेड आहे आणि त्याच्या संगतीने पन्नाशीनंतर मलाही ते जडले आहे.

सायकल नागपूरला नवी नाही. आपल्याच शहरातील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत एकट्याने पूर्ण केली आणि पुढच्याच वर्षी रशियातील ९,१०० किलोमीटरहून अधिक लांबीची ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. पण या शर्यती डांबरी रस्त्याच्या. डोंगरी सायकलीला दगडमातीची वाट लागते, चढ लागतो, उतार लागतो. आमच्याकडे सेमिनरी हिल्सचा चढ अंगात भिनेपर्यंत संपलेला असतो.

कोकणात चढाला तोटा नाही. प्रश्न तो शोधायचा कुठे, हा आहे. नकाशावर रत्नागिरीचा किनारा सरळ दिसतो, प्रत्यक्षात तो खाड्यांनी जागोजागी चिरलेला आहे. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे सपाट पठार उभे असते; त्याला तिकडे ‘सडा’ म्हणतात. वस्ती खाली, पाण्याकाठच्या आगरात, नारळ-पोफळीच्या सावलीत. सडा मात्र वर, उघडा, उन्हात. त्यामुळे किनाऱ्याने जाणारा रस्ता सारखा समुद्रसपाटीपर्यंत उतरतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. चढ लांब नसतात, पण उभे असतात. सपाट रस्त्यावर चाळीस किलोमीटर सहज कापणाऱ्या नागपूरकराच्या मांड्या इथे दहा किलोमीटरमध्ये बोलू लागतात. त्यातून हवा दमट. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम वाळून अंग थंड होते. इथे तो वाळतच नाही, म्हणून पाणी दुप्पट बाळगावे.

सायकलस्वारांमध्ये आरे-वारेच्या सागरी रस्त्याची फार वाखाणणी होते. देखावा सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारींची रांग असते आणि शेवटी तो डांबरी रस्ताच. मला दक्षिणेची बाजू अधिक भावली. भाट्याचा पूल ओलांडला की चढ सुरू होतो, गोळपचा सडा लागतो, मग पावसपर्यंत उतार. पुढे पूर्णगडला मुचकुंदीची खाडी, पलीकडे गावखडीचे सुरूबन आणि त्यानंतर कशेळी. या रस्त्याला सोडून आत वळणाऱ्या लाल वाटांवर रुंद टायरचे खरे काम असते. जांभा खरखरीत असल्याने कोरड्या दिवसांत चाक घट्ट धरतो, पण त्याची धार टायरला सोसत नाही आणि सुटी लाल खडी वळणावर दगा देते. पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळ धरते आणि तो काचेसारखा निसरडा होतो. शिवाय त्या महिन्यांत कातळावरच्या बोटभर मातीत इवली फुले आणि असंख्य जीव असतात. चातुर्मासात आपले साधू-साध्वी विहार थांबवतात. सड्यावर सायकल नेणाऱ्यानेही तोच नियम पाळावा, असे मला वाटते. दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा काळ उत्तम. पुढे ऊन चढते आणि वाळल्या गवताला वणव्याची भीती असते.

पहिल्यांदा सडा पाहिला तेव्हा पुतण्याचे डोळे चमकले. ना झाड, ना कुंपण, जिकडे वळवावे तिकडे सायकल जाईल असे मैदान. “काका, इथे वाटेची गरजच काय?” तो म्हणाला. सातबाऱ्यावरही अशा जमिनीची नोंद बहुधा पोटखराबा अशीच असते. व्यापाऱ्याच्या हिशेबी मनालाही ते पटते: जिथे पीक नाही, तिथे नुकसान कसले?

त्याचे उत्तर कशेळीच्या सड्यावर मिळाले. तिथे कातळात एक हत्ती कोरलेला आहे, सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद. त्याच्या रेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी आहेत. ही कातळशिल्पे उभ्या भिंतीवर नाहीत, पायाखालच्या जमिनीवर आहेत. खोबण उथळ, तीत माती आणि गवत साचलेले. चार पावलांवरूनही ध्यानात येऊ नये, आणि सायकलच्या वेगात तर मुळीच नाही. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हे सडे पायी तुडवून अशी शेकडो चित्रे उजेडात आणली. २०२२ मध्ये कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ आणि रुंढे तळी ही रत्नागिरी जिल्ह्यातील सात स्थळे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ यांची युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंद झाली. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने जिथे छिन्नी चालवली, त्या जागेला कागदावर ‘खराबा’ म्हणण्याची आपली रीत आहे. चिरेखाणीही अशाच सड्यांवर निघतात.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. पडलेल्या वाटेनेच जायचे, गाडीवाटेच्या चाकोरीतच चाक ठेवायचे, नवी वाट पाडायची नाही. शिल्पे पाहायची असतील तर सायकल दूर उभी करून, चपला काढून. पुतण्याने आधी वाद घातला, की संपूर्ण सड्यावर चित्रे थोडीच असणार. खरे आहे, पण ती नेमकी कुठे नाहीत, हे सांगणारा कोणी नाही.

चांगली वाट विचारूनच सापडते. सड्यावरून वाडीत उतरणाऱ्या जुन्या पायवाटा असतात. चिऱ्यांच्या पायऱ्या बांधलेल्या असतील तर ती पाखाडी. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, मध्ये एखादा साकव. आंब्याच्या बागा मात्र खासगी मालकीच्या. मोहोराच्या दिवसांत फवारणी चालू असते, तेव्हा मालकाला विचारल्याविना आत शिरू नये. गुरे राखणाऱ्या एका आजोबांना आम्ही विचारले, “आजोबा, ही वाट खाली खाडीवर जाते का?” ते म्हणाले, “जाते की. पण सायकल तुमच्यावर बसेल, तुम्ही सायकलीवर नाही.”

जेवणाची चिंता अनेकांना असते. किनारा मासळीचा असला तरी घरगुती मुक्कामात सकाळीच सांगून ठेवले, तर कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, घावन सहज मिळते. कांदा, लसूण, बटाटा नको हे मात्र नीट सांगावे, कारण सोलकढीतही लसूण असतो. सूर्यास्ताआधी जेवणाऱ्यांसाठी एक सोय निसर्गानेच केली आहे. हिवाळ्यात रत्नागिरीचा सूर्य नागपूरपेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा मावळतो. चार वाजता शेवटचा चढ संपवला, की अंघोळ उरकून निवांत ताटावर बसता येते.

आजोबांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. पाखाडी इतकी उभी होती, की पुतण्याने सायकल खांद्यावर घेतली. अर्ध्या वाटेत खालून एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढत आली. तो गडग्याला पाठ लावून, सायकल उंच धरून उभा राहिला. बाई न थांबता वर गेली आणि चार पायऱ्यांवरून मागे वळून म्हणाली, “पुढची पायरी हलते हो, जपून.”