मोरीच्या पाण्यामागोमाग

मुंबईत हिंडणारा माणूस बहुधा समुद्राची वाट धरतो. मी मात्र या खेपेस शहराच्या सांडपाण्याचा माग काढीत गिरगावातून लालबाग-परळमार्गे वरळी गाठावयाचे योजिले होते, आणि त्यातला निम्मा दिवस गिरगावातील एका जुन्या वाडीच्या मागील अंगणातच खर्ची पडला, याचा मला संतोष वाटतो.

वाडीचा दर्शनी भाग सिमेंटने लिंपून गेला होता; परंतु मागे, बुजविलेल्या विहिरीपलीकडे, मातीचा एक अरुंद पट्टा शिल्लक होता. तळमजल्याच्या मोरीचे पाणी आधी एका दगडी कुंडीत पडे, तेथे भाताची शिते व तेलाचा तवंग मागे राही, आणि मग खडी-रेतीच्या थरातून झिरपत ते अळवाच्या ताटव्यात व शेवटी केळीच्या आळ्यात उतरे. कुंडीत साबणाचा राखी फेस तरंगत होता. केळीच्या बुडाची माती उचलून हुंगली, तर नुकत्याच भिजलेल्या जमिनीखेरीज कशाचाही वास आला नाही.

"हे अळू भाजीला घेता का?" मी त्या घरच्या आजींना विचारले.

"छे हो! खायचं अळू तिकडे डब्यात निराळं लावलंय. हे नुसतं पाणी प्यायला ठेवलंय. सासूबाईंचा नेम होता, कपड्यांचं सोड्याचं पाणी इथं सोडायचं नाही. सोड्यानं माती मरते."

त्या सासूबाईंच्या निरीक्षणशक्तीपुढे मी मनोमन नतमस्तक झालो. कारण सोडियमच्या योगाने मातीचे कण विस्कटून तिची छिद्रे बुजतात, हे शास्त्रही तेच सांगते. आजींनी जेवल्याशिवाय सोडले नाही. केळफूल त्याच केळीचे, रात्रभर ताकात भिजवलेले, आणि भाजीत काळे वाटाणे व ओले खोबरे. डाळ घातलेली केळफुलाची भाजी मला कधीच रुचली नाही, त्यामुळे ही वाटाण्यांची मी दोनदा मागून घेतली.

जेवणानंतर त्या पट्ट्यापाशी पुन्हा बसलो असता या व्यवस्थेचे मर्म मनाशी जुळत गेले. अळू, कर्दळ, पाणकणीस यांच्या देठांतील पोकळ मार्गांनी हवा मुळांपर्यंत उतरते, मुळांभोवतीचे जिवाणू पाण्यातील घाण विघटित करतात, आणि फॉस्फरस बराचसा मातीच्या कणांना चिकटून राहतो. जर्मनीत केथे झायडेल या विदुषीने १९५०च्या दशकात बोरूवर्गीय वनस्पतींवर असे प्रयोग आरंभिले. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेने 'फायटोरिड' ही पद्धती सिद्ध केली, तर पवईच्या आयआयटीत प्रा. एच. एस. शंकर यांनी मृदा-जैवतंत्राची.

लालबाग आणि परळ मी उन्हात, टोलेजंग इमारतींच्या पायथ्यांकडे पाहत ओलांडले. वरळीच्या लव्हग्रोव्ह उदंचन केंद्राच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा सायंकाळ झाली होती. शहराच्या या भागातील मलजल येथे चाळून, त्यातील वाळू बसवून, समुद्राखालच्या बोगद्याने सुमारे ३.४ किलोमीटर आत सोडण्याची तजवीज करण्यात आली. त्या बोगद्यात आजींच्या पट्ट्यासारखे मातीचे काम करणारे काहीच नाही, या विचाराने मी खिन्न झालो.

शहरात अशा पट्ट्यांसाठी जागेचा प्रश्न खराच आहे. युरोपातील अनुभव असा की संपूर्ण सांडपाण्यासाठी आडव्या प्रवाहाच्या गाळणीस माणशी सुमारे ५ चौरस मीटर जमीन लागते. म्हणजे तीन माणसांसाठी बीडीडी चाळीतील १६० चौरस फुटांची एक अख्खी खोली. तथापि आपल्या उष्ण हवेत जिवाणूंचे काम अधिक वेगाने चालते, आणि मोरीचे पाणी शौचालयाच्या पाण्यापासून निराळे ठेवले, तर याहून पुष्कळ कमी जागेत भागते. ज्या पुनर्विकासात मोटारींसाठी मजल्यांवर मजले चढतात, तेथे कर्दळीच्या एका वाफ्यास जमीन नाही, हे मला मान्य नाही.

गिरगाव-लालबागच्या ज्या वाचकांच्या चाळीचे नकाशे अद्याप मंजुरीस जावयाचे आहेत, त्यांना माझी विनंती आहे की मोरी व शौचालय यांचे नळ स्वतंत्र ठेवावेत आणि तळाशी उघड्या मातीचा एक पट्टा राखावा, अशी लेखी मागणी विकासकाकडे आजच करावी. काँक्रीट पडल्यावर ते नळ वेगळे करणे अतोनात खर्चाचे होते.