कपाटामागची पेटी



कल्याण पूर्वेला माझे अर्ज भरून देण्याचे लहानसे कार्यालय आहे. पूर्वी तेथे माझे टायपिंगचे वर्ग चालत. यंत्रे भंगारात गेली आणि त्यांच्या जागी संगणक आले. शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, प्रवेशाचे अर्ज, असे सर्व आम्ही भरतो. सून माझ्याबरोबर बसते. कार्यालय म्हणायचे ते पाटी तशी लावली आहे म्हणून. खरे तर भाड्याच्या दोन खोल्या. पुढे गिऱ्हाईक बसते, मागे झेरॉक्स आणि कागदांचे कपाट, मध्ये नऊ इंची विटांची भिंत.

जुलै २०२३ मधली गोष्ट आहे. आयटीआयच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरण्याचा शेवटचा दिवस होता. नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करणारे एक गृहस्थ त्या दिवसाचा रोज बुडवून मुलीला घेऊन आले. मुलीला इलेक्ट्रिशियन व्हायचे होते. तिने पसंतीचा कागद घरूनच लिहून आणला होता, वळणदार अक्षरात. आम्ही साडेतीनला बसलो. पान उघडायचे, निम्मे भरले की चक्र फिरत राहायचे, मग पुन्हा पहिल्यापासून. पावणेपाचला सर्व भरून झाले, शेवटचे बटण दाबले आणि जाळे तुटले. पाच वाजून गेले. पहिल्या फेरीत तिचे नाव आले नाही. पुढच्या फेरीत वायरमनची जागा मिळाली; इलेक्ट्रिशियनच्या जागा तोवर भरल्या होत्या.

तिचे वडील काही बोलले नाहीत. "मॅडम, तुमचे पैसे किती झाले?" एवढेच विचारले. मी पैसे घेतले नाहीत. पण पैसे न घेतल्याने काय होते?

दोष मी दुसऱ्यांना दिला. सरकारी पान हळू चालते म्हटले. इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या मुलाला तीन वेळा फोन करून नको नको ते बोलले. वेग वाढवून द्या म्हटल्यावर त्याने महिन्याचे पैसे वाढवून सांगितले. बाजारातल्या एका दुकानदाराने तीन डब्यांचा नवा संच दाखवला, १६,५०० रुपयांचा. आमचे तीन महिन्यांचे भाडे तेवढे होत नाही. तरी मी भिशीचे पैसे काढायला निघाले होते.

माझा भाचा एका कंत्राटदाराकडे केबल ओढण्याचे काम करतो. एका रविवारी जेवायला आला तेव्हा मी हे रडगाणे गायले. तो हात धुऊन मागच्या खोलीत गेला आणि तिथूनच ओरडला, "मावशी, ही पेटी कपाटामागं कुणी कोंडली?"

मीच कोंडली होती. फायबरची तार मागच्या खिडकीतून येते. पेटी आणि तिच्या वायरींचा गुंता बरा दिसत नाही म्हणून मी ती लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीवर ठेवली होती. चार वर्षे ती तिथे होती. वर पायपुसण्याच्या घड्या.

भाच्याने आधी एकच गोष्ट केली. लॅपटॉपला वायर लावून ती थेट पेटीत खुपसली आणि वेग मोजला. आमची जोडणी १०० एमबीपीएसची. आकडा आला ९४. म्हणजे कंपनी पैसे घेते तेवढे देत होती. मग वायर काढून मागच्याच खोलीत वायफायवर मोजले, ३८. पुढच्या खोलीत, जिथे ती मुलगी बसली होती तिथे, कधी ३ तर कधी एकाच्याही खाली. "कंपनीनं दारापर्यंत आणून दिलंय," तो म्हणाला, "तुमच्या घरात सांडतंय." त्या कंपनीच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. तो म्हणाला, "असू द्या काकू, रोज ऐकतो."

माझा प्रश्न होता की पुढच्या खोलीत मोबाईलवर रेंजच्या काड्या तर तीन दिसतात, मग अडते कुठे? भाच्याने समजावले ते मला पटले. काड्या फक्त पेटीचा आवाज आपल्यापर्यंत किती येतो ते दाखवतात. आपला आवाज पेटीपर्यंत जातो की नाही ते दाखवत नाहीत. फलाटावरचा भोंगा आपल्याला ऐकू येतो, म्हणून आपण पुटपुटलेले भोंग्यावाल्याला ऐकू जाते का? आणि अर्ज भरताना तर आपलेच बोलणे तिकडे पोहोचायला हवे. लोखंड या लहरी अडवते, विटांची भिंत त्यांना दुबळे करते. आमच्याकडे दोन्ही होते.

दुसरी गोष्ट नळाची. एका पेटीवर, एका लहरीवर, एका वेळी एकच यंत्र बोलते. बाकीचे रांगेत. ज्याला रेंज चांगली त्याची बादली झटकन भरते. जो लांब बसला आहे त्याची धार बारीक, त्याची बादली भरेपर्यंत सगळी रांग उभी. म्हणून एक कोपऱ्यातला मोबाईल साऱ्या कार्यालयाचा वेग खाली आणतो. आणि आमच्या रांगेत कोण कोण होते ते पाहिल्यावर मला घाम फुटला: आमची पाच यंत्रे, गिऱ्हाइकांचे मोबाईल आणि ओट्यावरची मुले. पासवर्ड मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावला होता.

तिसरे म्हणजे शेजार. भाच्याने मोबाईलवर एक फुकटचे अ‍ॅप उघडले. आमच्या गल्लीत २३ वायफायची नावे दिसली. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ असे चॅनेल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले असतात. एकमेकांना न चिकटणारे असे तीनच धरतात, १, ६ आणि ११. आमची पेटी ६ वर होती आणि तिच्यासोबत अकरा शेजारी. शिवाय बाजूच्या केकच्या दुकानातला मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात गुणगुणतो. आपल्या देशात हा पट्टा २००५ साली परवान्यातून मोकळा केला गेला, म्हणून कुणालाही वापरता येतो, गर्दी व्हायचीच. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बराचसा २०१८ साली मोकळा झाला. तिथे जागा भरपूर, वेगही जास्त, पण तो भिंतीपलीकडे लवकर थकतो. भाच्याने पेटी ११ वर नेली, चॅनेलची रुंदी ४० वरून २० केली. गर्दीत रुंद रस्ता धरला तर दोन्हीकडचे धक्के लागतात, असे त्याचे म्हणणे.

पेटी कपाटामागून काढून सहा फुटांवर खिळ्याला टांगली. एवढ्याने मागे ३८ चे ७० झाले. पुढे मात्र ९ च. भिंत होतीच.

पुढच्या खोलीत एक रिपीटर लावलेला होता. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून १,२०० रुपयांना घेतला होता. भाच्याने तो उपटून माझ्या हातात दिला. तो स्वस्तातला रिपीटर एकाच रेडिओने ऐकतो आणि त्याच रेडिओने पुन्हा सांगतो, म्हणून वेग निम्मा होतो. आणि त्याला मुळात जे अस्पष्ट ऐकू येते तेच तो पुढे सांगणार. मी तो अजून ठेवला आहे, फेकवत नाही.

"मावशी, ज्याला पाय नाहीत त्याला वायरच लावायची," भाचा म्हणाला. टेबलावरचा संगणक कुठे फिरायला जातो? मग त्याला हवेतून कशाला पाजायचे? कॅट सिक्स केबल १८ मीटर आणली, २२ रुपये मीटर. दुकानात स्वस्त केबलही होती. ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, लवकर तुटते. शुद्ध तांब्याची मागा. विजेच्या वायरीच्या पट्टीतून ती न्यायची नाही, वेगळी पट्टी मारायची. टोकाला आठ तारा एका क्रमाने बसवायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एक टोक मी बसवले. दिवा लागला नाही. हिरवा आणि निळा उलटा झाला होता. चष्मा लावून दुसरे बसवले, तेव्हा लागला. टायपिंगच्या परीक्षेत पास झाल्यावरही मला इतका आनंद झाला नव्हता.

जुना राउटर माळ्यावर पडला होता. तो पुढच्या खोलीत लावला. त्याच्या पाठीला चार भोके असतात. एकात मागून आलेली केबल, उरलेल्या तिनात तीन संगणक. केबल दोन्हीकडे लॅनच्या भोकात घालायची. यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, ते जुन्या राउटरमध्ये बंद करायचे आणि त्याला स्वतःचा वेगळा पत्ता द्यायचा. पोस्टमन एकच हवा. दोन झाले की पत्रे हरवतात. त्याचे वायफाय चॅनेल १ वर ठेवले. आता पुढच्या तिन्ही संगणकांवर आकडा ९० च्या वर येतो.

एक खर्च मला आधी फालतू वाटला. आमच्याकडे वीज मिनिटभर जाते आणि येते. संगणकाला बॅटरी होती, पेटीला नव्हती. पेटी पुन्हा चालू होऊन जाळे येईपर्यंत तीन-चार मिनिटे जातात. तेवढ्यात भरलेला अर्ज पुसला जातो. पेटीपुरती छोटी बॅटरी १,२५० ला मिळाली. घेताना पेटीच्या अ‍ॅडाप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावे. केबलचे ३९६, पिनांचे ८०, पट्टीचे १२०. एकूण १,८४६ रुपये झाले. भाच्याने मजुरी घेतली नाही, मटण मागितले.

राहिला प्रश्न ओट्यावरच्या मुलांचा. सून म्हणाली, "आई, पासवर्ड बदला आणि कुणाला देऊ नका." भाचाही म्हणाला की ज्या जाळ्यावर लोकांचे आधार आणि दाखले आहेत, त्यावर परक्याला घेऊच नये. त्याचे खरे होते. पण त्या मुलांतली चार जण पोलीस भरतीचा अभ्यास करतात. घरी दहा बाय दहाची खोली, मोबाईलमध्ये डेटा संपलेला. बाकीचे सिनेमे बघतात हेही मला ठाऊक आहे. दोन दिवस मी ठरवू शकले नाही. मग मागच्या पेटीतच पाहुण्यांसाठी वेगळे नाव काढले. त्यावरून आमच्या संगणकांपर्यंत पोहोचता येत नाही. आमच्या पेटीत वेगाला लगाम घालण्याची सोय होती, तीही घातली. कार्यालयाचा पासवर्ड बदलला आणि भिंतीवरचा कागद फाडला. पाहुण्यांच्या नावाची रेंज पुढच्या ओट्यावर येत नाही, म्हणून मुले आता मागच्या दाराच्या पायऱ्यांवर बसतात. सिनेमेवाले आपोआप गळाले. अर्जांच्या शेवटच्या तारखेला मात्र पाचपर्यंत ते नाव मी बंद ठेवते; मुलांना आदल्या दिवशी सांगते.

ती मुलगी गेल्या पावसाळ्यात शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली होती. अर्ज अकरा मिनिटांत झाला. मी तिला खरे ते सांगितले, की त्या दिवशी दोष सरकारी पानाचा नव्हता, कंपनीचाही नव्हता, माझ्या कपाटाचा होता. तिने भिंतीवरची पट्टी वर मान करून पाहिली, दाराच्या चौकटीपाशी केबल वळते तिथे बोट लावले.

"किती मीटर लागली, काकू?"

"अठरा."

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "इथं वळण फार टोकदार घेतलंय, आतली तार तुटेल." आणि स्टूल मागून ती चढली, दोन खिळे काढून केबल गोलाकार केली.

प्रिंटर अजून हवेतूनच चालतो. त्याची वायर पुढच्या रविवारी ओढायची आहे.